फुल-रेंज स्पीकरला सुपर ट्वीटर जोडताना या चुका टाळा

फुल-रेंज म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकट्याने वाजवणारा स्पीकर. त्याचा आठ इंची एकच कोन (शंकूसारखा पडदा) गाणाऱ्याचा गळा जसा सलग पोचवतो, तसा तीन ड्रायव्हरांचा (सूर तिघांत वाटून घेणारा) स्पीकर क्वचितच पोचवतो. पण १० किलोहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे अगदी वरच्या, बारीक सुरांत, फुल-रेंज थकतो, आणि वरचं जे उरतं ते समोर बसलेल्यालाच मिळतं. म्हणून सुपर ट्वीटर, फक्त हा वरचा पट्टा वाजवणारा छोटा स्पीकर. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जण लाउडस्पीकरवाल्यांचा (पीएचा) बुलेट ट्वीटर आणतात, खालचे सूर अडवायला एक कपॅसिटर लावतात आणि चार दिवसांत कान दुखतात म्हणून तक्रार करतात.

ते दुखणारच. सारख्याच वॉटला घरातला फुल-रेंज ९० डीबीच्या (डेसिबल, आवाजाची पातळी) आसपासचा, बुलेट सहज १०० च्या पुढचा. पातळी उतरवायलाच हवी, आणि खरा घोळ होतो तो इथे. ८ ओमच्या ट्वीटरला २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे साधारण १० किलोहर्ट्‌झचा क्रॉसओव्हर (जिथून वर ट्वीटर वाजू लागतो ती सीमा), हे गणित बरोबर. पण १० डीबी कमी करायला नुसता १७-१८ ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की कपॅसिटरला समोर २५ ओम दिसतात आणि क्रॉसओव्हर घसरून ३ किलोहर्ट्‌झवर येतो. आता ट्वीटर माणसाच्या आवाजात तोंड घालतो. आवाज कमी करूनही कर्कश वाटतो तो यामुळे. उपाय एल-पॅडचा, म्हणजे एकाऐवजी दोन रेझिस्टरांचा: कपॅसिटरनंतर सिरीजमध्ये ५.६ ओम, आणि ट्वीटरच्या दोन टोकांवर आडवा (पॅरललमध्ये) ३.९ ओम. पातळी जवळपास १० डीबी उतरते, कपॅसिटरला मात्र ८ ओमच दिसतात. कपॅसिटर फिल्मचा घ्या. जुन्या अँप्लिफायरमधून काढलेला प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही.

ट्वीटर पिझो (कॉइलऐवजी सिरॅमिक चकतीवर चालणारा) असेल तर गणितच वेगळं. तो स्वतःच कपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे बाहेरच्या कपॅसिटरने क्रॉसओव्हर होत नाही, फक्त पातळी घटते. त्याच्या टोकांवर ८ ओमचा जास्त वॉटचा रेझिस्टर आडवा जोडला की मग वरचा हिशोब लागू होतो.

पातळी जुळवायला परदेशी टेस्ट सीडी शोधत बसू नका. डबलबारीचं (कोकणातल्या भजनाच्या सामन्याचं) चांगलं रेकॉर्डिंग लावा. झांज वाजल्यावर तिचा नाद विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू यायला हवा, पण बुवांचा 'स' सिसकारता कामा नये. ट्वीटर वाजतोय हे कळलं तर तो जास्त आहे. वायर काढल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं तर बरोबर आहे.

जागाही महत्त्वाची. १० किलोहर्ट्‌झला तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटीमीटर असते, म्हणजे ट्वीटर पावणेदोन सेंटीमीटर मागेपुढे झाला की त्या पट्ट्यात फुल-रेंज आणि ट्वीटरच्या आवाजाच्या बेरजेची वजाबाकी होते. लगेच स्क्रू मारू नका. खोक्यावर मोकळा ठेवून सरकवून ऐका, मग वायरी उलट करून पुन्हा ऐका.

आता किनाऱ्यावरचं दुखणं. खारी हवा आणि चार महिने पाऊस: पिळून जोडलेल्या तांब्याच्या वायरीवर हिरवा थर चढतो, स्प्रिंगच्या क्लिपा गंजतात आणि ट्वीटर कधी वाजतो, कधी नाही. सांधे सोल्डर करा, शक्यतो होड्यांच्या वायरिंगची टिन्ड (कथिलाचा मुलामा दिलेली) वायर वापरा. आणि ट्वीटर मेला असं ठरवण्याआधी मीटर थेट त्याच्या टोकांवर लावा, तोही वायर आणि आडवा रेझिस्टर सोडवून. कपॅसिटरच्या अलीकडून (अँपच्या बाजूने) मोजलं तर चांगला ट्वीटरही ओपन, म्हणजे तुटलेलाच, दाखवतो. असे कितीतरी धडधाकट ट्वीटर भंगारात गेलेत. ८ ओमच्या ट्वीटरला ६-७ ओम दिसले तर कॉइल शाबूत आहे.

खरोखर जळालेला असेल तर संशय अँप्लिफायरवर घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना गणपतीच्या आरतीला आवाज पूर्ण चढवला की साधा ट्रान्सफॉर्मरवाला अँप लवकर क्लिप होतो, म्हणजे ताकद संपून लहरींचे शेंडे छाटतो. क्लिपिंगमधून निघणारी वरची कचकच सरळ ट्वीटरच्या कॉइलमध्ये जाते, कपॅसिटर ती अडवत नाही.

नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी ट्वीटरच्या वायरीत एक साधा स्विच टाकावा. त्या तबकड्यांवर एवढ्या वर संगीत जवळपास नसतंच, असते ती सुईची खरखर. तेव्हा ट्वीटर बंद.