आयर्लंडमध्ये पहिला डोंगर कोणता चढावा?

इथे नव्याने आलेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "सुरुवातीला किती उंचीचा डोंगर घ्यावा?" मी सांगते, उंची नंतर बघा, आधी पायाखाली काय आहे ते विचारा. इथला सर्वांत उंच डोंगर म्हणजे केरीमधला कॅरनटूहिल, 1,038 मीटरचा. कळसूबाई केलेल्याला हा आकडा किरकोळ वाटतो. पण इथल्या कितीतरी डोंगरांवर मळलेली वाटच नसते, नुसती बॉग असते. वरून हिरवंगार गवत, खाली पाणी पिऊन फुगलेली काळी माती. पाय टाकला की बूट घोट्याच्या वर रुततो आणि ओढून काढताना चिखल तो सोडत नाही. अशा जमिनीवर थोडं अंतरही दमवून टाकतं.

म्हणून पहिल्या खेपेला बांधीव वाटेचाच डोंगर घ्या. माझी पसंती कॉनेमारा नॅशनल पार्कमधल्या डायमंड हिलला. उंची साधारण 440 मीटर, लेटरफ्रॅक गावातून सुरुवात. बॉग तुडवली जाऊ नये म्हणून खडी, लाकडी फळ्या आणि दगडी पायऱ्यांची वाट थेट माथ्यापर्यंत नेली आहे. पूर्ण फेरी सुमारे 7 किलोमीटर. मला सगळ्यांत आवडतं ते हे, की खाली एक छोटी फेरीही आहे. मुलं कंटाळली किंवा ढग उतरले, तर तिथूनच वळता येतं. डब्लिनकरांना विकलोमधलं ग्लेंडालॉख जवळ पडेल. तिथे स्पिंकच्या कड्यावर लाकडी फळ्यांची वाट आहे, चढ मात्र चांगलाच दमवतो.

गर्दी आहे म्हणजे सोपं, असं समजू नका. मेयोतल्या क्रोख पॅट्रिकवर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू चढतात, पण शेवटचा टप्पा सगळा निसटत्या दगडांचा. उतरताना गुडघ्यांची परीक्षाच.

वेळेचा हिशोब घरीच करा. 5 किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. डायमंड हिलला हे दोन तासांच्या आसपास येतं. नवख्यांनी खाणं, फोटो, दम खाणं धरून तीन तास तरी ठेवावेत. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून सकाळीच निघा. मेट एरनचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, अंदाज बघताना पावसाइतकंच वाऱ्याकडे लक्ष द्या. पाऊस अंगावर घेता येतो. माथ्यावर वारा उभं राहू देत नाही. जीन्स नको, भिजली की वाळतच नाही.

आणखी एक. इथे डोंगर बहुतेक कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि कुठेही फिरायचा कायदेशीर हक्क नाही. शेतकरी जाऊ देतात हा त्यांचा मोठेपणा. फाटक बंद असेल तर आपल्यामागे बंद करा, आणि मेंढ्या चरतात तिथे कुत्रा नेऊच नका.

कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा. अडचण आलीच तर 112 किंवा 999 लावा आणि माउंटन रेस्क्यू मागा.