पुस्तक ओट्यावर आणि आजी शेजारी: स्वयंपाकाची गोडी अशी लावून घ्या

तिशी उलटेपर्यंत मला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता. येत नव्हता असं नाही, कुकर लावता यायचा, पोहे जमायचे, पण ओट्यापाशी उभं राहिलं की कधी एकदा संपतंय असं व्हायचं. आता रविवारी सकाळी मी आपणहून मंडईत जाते, कोथिंबिरीची जुडी हुंगून घेते आणि घरी येऊन दोन तास आनंदात असते. मधे एवढंच झालं की आईचं रुचिरा हे पाककृतींचं पुस्तक माझ्याकडे आलं आणि त्याच वर्षी आजी सहा महिने आमच्याकडे कोथरूडला राहायला आली. नुसत्या पुस्तकाने झालं नसतं आणि नुसत्या आजीनेही नसतं, कारण पुस्तकात माप असतं पण आपल्या घरची चव नसते, आणि आजीकडे चव असते पण माप विचारलं की "अगं अंदाजाने घाल". तर या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम आहे.

आधी पुस्तकाचं बोलू. नवीन विकत घ्यायच्या आधी आईच्या, सासूबाईंच्या, मामीच्या कपाटात बघा, खूप घरांत रुचिरा सापडतंच. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि त्यातलं माप वाटी-चमच्याचं आहे, म्हणून वजनकाटा नसला तरी अडत नाही. आमच्या प्रतीची शिवण सुटलीये, आईने ती नाडीने बांधून ठेवलेली. आमटी-भाज्यांची पानं हळदीने पिवळी पडलीयेत, एका पानाला तेलाचा एवढा मोठा डाग आहे की पलीकडची अक्षरं दिसतात, आणि कडेला आईच्या पेन्सिलीत लिहिलंय, "८ माणसांना ३ वाट्या पुरल्या. गूळ कमी." ते वाचलं आणि मला एकदम वाटलं की आईलाही कुणीतरी शिकवावं लागलं होतं, तिचाही अंदाज चुकायचा. माझा अर्धा कंटाळा तिथेच गेला. म्हणून सांगते, जुनं पुस्तक मिळालं तर ज्या पानावर डाग जास्त तिथूनच सुरुवात करा, तुमच्या घरात खरोखर काय शिजायचं ते तिथे कळतं.

आणि पुस्तक बघून करण्यात कमीपणा अजिबात नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र हे पाककृतींचं पुस्तक १८७५ सालचं आहे, म्हणजे मराठी माणूस दीडशे वर्षं छापलेलं वाचून शिजवतोय.

घरात काहीच नसेल तर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांतून एक चक्कर मारा. दुकानात उभ्या उभ्या, तुम्हाला आधीच नीट येणाऱ्या पदार्थाची कृती काढून वाचा. पोहे येत असतील तर पोहे. वाचताना आपण करतो ते डोळ्यासमोर आलं तर त्या माणसाने स्वतः करून लिहिलंय, घ्या ते पुस्तक.

वाटी मात्र एकच ठरवा. प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते आणि निम्मे पदार्थ तिथेच बिघडतात. एकदा मापाच्या कपाने पाणी मोजून बघा, माझी वाटी १५० मिलीची निघाली, ते मी मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवलंय.

आता आजी. तिला "किती घालू" विचारायचंच नाही, उत्तर मिळत नाही, आणि तिलाही उगाच परीक्षा दिल्यासारखं होतं. तिला करू द्यायचं, आणि तिचा हात पातेल्यावर जायच्या आधी आपण मधे वाटी धरायची. मीठ घेतलंस ना, आधी यात टाक, मी मोजते आणि मग तूच घाल. पहिले दोन दिवस ती वैतागली, तिसऱ्या दिवशी स्वतःच वाटी मागायला लागली. असं करून कळलं की तिचा चिमूटभर हिंग म्हणजे पाव चमचा असतो, आणि ती ज्याला सुपारीएवढा गूळ म्हणते तो जवळजवळ लिंबाएवढा असतो. मी दोन वर्षं खरंच सुपारीएवढा घालत होते आणि आमटी आजीसारखी का होत नाही म्हणून हिरमुसत होते. आजी गावाला असेल तर व्हिडिओ कॉल लावा, फोन कढईकडे तोंड करून उभा करा, तिला रंग दिसला पाहिजे आणि मोहरीचा आवाज ऐकू गेला पाहिजे, त्यावरून ती सगळं सांगते.

पहिला पदार्थ आमटीच घ्या, कारण त्यात फोडणी येते, आंबट-गोड-तिखट येतं आणि चुकलं तरी बहुतेक वेळा सावरता येतं. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवायची, दीड वाटी पाणी, हळद, हिंग घालून कुकरला ४ शिट्ट्या, मग गरम असतानाच घोटायची. चिंच डाळीबरोबर कुकरमध्ये घालू नका, आंबटात डाळ मऊ शिजत नाही. छोट्या पातेल्यात २ चमचे तेल चांगलं तापवून मोहरी, ती तडतडून गप्प झाली की हिंग, कढीपत्ता, एक मिरची, आणि हळद सगळ्यात शेवटी गॅस बंद करून, लगेच वर डाळ. माझी हळद एकदा चांगलीच काळी झाली होती आणि मी तशीच डाळ ओतणार तेवढ्यात आजी म्हणाली, "फोडणी टाकून दे, दोन चमचे तेलासाठी अख्खी डाळ कडू करू नकोस." हे कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं. मग दोन-अडीच वाट्या गरम पाणी, चमचाभर चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, एक मोठा चमचा गोडा मसाला, आणि ५-७ मिनिटं खळखळून उकळी. मसाल्यातल्या दगडफुलाचा तो वास घरभर झाला की ओलं खोबरं, कोथिंबीर घालून बंद. तीन माणसांना पुरते.

हीच आमटी ओळीने चार रविवार करा. दरवेळी एकच गोष्ट बदला, एकदा गूळ वाढवा, एकदा मसाला फोडणीत घालून बघा, एकदा डाळ कमी घोटा. सगळं एकदम बदललं तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. चौथ्या रविवारी तुम्ही पुस्तक न उघडता चव घ्याल आणि आंबट कमी आहे हे जिभेला आपोआप कळेल, मला तरी तेव्हापासून स्वयंपाक आवडायला लागला. घाईच्या संध्याकाळी, ऑफिसातून दमून आल्यावर शिकायला जाऊ नका, तेव्हा फक्त येतं ते करा. आणि घरातल्या मुलग्यांना, नवऱ्याला लसूण सोलायला तरी शेजारी बसवा, गप्पा मारत केलं की वेळ कळत नाही.

केल्या केल्या पुस्तकात लिहायला मात्र विसरू नका, तारीख घालून. आईच्या पेन्सिलीखाली आता माझं निळं पेन आहे. शेवटची नोंद अशी, "१४ जुलै, धो धो पाऊस. चिंच संपली, ३ आमसुलं घातली. आजीने दोनदा वाढून घेतली."