जुन्या ट्रॅक्टरचं पुढचं ऑईल सील कसं बदलावं

वैशाखात, ऐन नांगरटीत आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं पुढचं सील, म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाशी तेल अडवणारी रबरी कडी, बदललं आणि तिसऱ्या दिवशी पुलीखाली पुन्हा काळा ओघळ. सील नवं होतं, सरळ बसलं होतं. दोष निघाला ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनला श्वास सोडायला असलेल्या, नळीत. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. इंजिनातल्या वायूला बाहेर पडायला वाट नसली की आतला दाब तेलाला सीलमधून ढकलतो. म्हणून सीलाला हात लावण्याआधी ब्रीदर काढा, डिझेलने धुवा, फुंकून पाहा.

मग गळती नेमकी कुठली ते ठरवा. इंजिनचा पुढचा भाग धुऊन कोरडा करा, दहा मिनिटं चालवा आणि बंद करून टॉर्चच्या उजेडात बघा. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचं तेलही खाली येऊन पुलीपाशीच साचतं. क्लच हाउसिंगखालच्या भोकातून इंजिनचं काळं तेल ठिबकत असेल तर मागचं सील गेलंय. त्यासाठी ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो, ते मिस्त्रीकडेच द्या.

गळती पुढचीच असेल तर इंजिन थंड होऊ द्या, चाकांना दगड लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. फॅन बेल्ट काढा. जागा अपुरी असेल तर रेडिएटरही उतरवावा लागतो. ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकून एकाने ब्रेक दाबून धरला की क्रँक फिरत नाही आणि पुलीचा नट सुटतो. पुली पुलरनेच ओढा. कडेवर हातोडी मारली तर बिडाची पुली तडकते. क्रँकवरची चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर अडकवणारा लोखंडी तुकडा, निसटून मातीत पडते, खाली पोतं अंथरा.

आता पुलीच्या मानेवर, जिथे सीलाचा ओठ (आतली रबरी कड) घासतो तिथे, नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर पडलीय. आमच्या काळ्या रानातली धूळ ओठाशी अडकून वर्षानुवर्षं लोखंड खाते. चर हलकी असेल तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोल फिरवा, आडवा घासू नका. खोल असेल तर नवी पुली घ्या किंवा लेथवाल्याकडून मानेवर धातूची बाही बसवून घ्या, नाहीतर नवं सीलही गळेल.

जुनं सील किती आत बसलंय ते मोजून ठेवा. त्यात बारीक स्क्रू पिळून पक्कडीने ओढा, सील बसतं त्या घराला ओरखडा पडू देऊ नका. तेच सील मोंढ्यातल्या दुकानात घेऊन जा. त्यावरचे ५०-६८-९ असे आकडे म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये.

नव्या सीलाची स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ठोकताना ती स्प्रिंग उडते, म्हणून तिच्या खाचेत ग्रीस भरा. ओठाला इंजिन ऑईल लावा, सिलिकॉन तिथे लागू देऊ नका. सीलाच्या बाहेरच्या कडेएवढा पाईपचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी हलके ठोके द्या. कुठे तिरपं गेलं तर पुढे ठोकू नका, काढून पुन्हा बसवा.

पुलीच्या मानेला तेल लावून, चावी जुळवून पुली चढवा. नट कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने आवळा. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा. रेडिएटर उतरवला असेल तर पाणी भरा, ऑईलची पातळी बघा. इंजिन चालवा, बंद केल्यावर पुलीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग पाहूनच नांगर जोडा.