घरी पेशंट सांभाळताना या चुका टाळा (ऑक्सिमीटर उलटा वाचणाऱ्यांनी तर नक्की वाचा)

मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण घरात कुणाला चार दिवस ताप आला की लोक अजून तेच सगळे प्रकार करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही, पण कोविडच्या पहिल्या दोन लाटांमध्ये घरातले, नात्यातले, शेजारचे बरेच पेशंट घरी सांभाळलेत.

पहिला नंबर ऑक्सिमीटरचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते दाखवणाऱ्या बोटाच्या मशीनचा. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’वाले दारात येऊन बोटाला तो चिमटा लावून गेले, मग घरोघरी घेतला गेला, पण बघायचा कसा हे कुणी शिकलंच नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमचे एक मामा घरीच आयसोलेशनमध्ये होते, भाचा रोज समोर खुर्ची टाकून बसायचा, आकडा वाचायचा आणि ग्रुपवर टाकायचा, ९८, की सगळ्यांचे अंगठे. मामी मात्र म्हणत होत्या की हे एक वाक्य धड पूर्ण करत नाहीयेत, मधेच थांबतात, पण आकडा चांगला आहे ना मग गप्प बसा. मी गेलो तर आकडा तोच, फक्त मामांच्या बाजूने बघितला तर ८६! त्या मशीनवर आकडे इंग्रजी असतात आणि इंग्रजीतला ८६ उलट्या बाजूने बघितला की चक्क ९८ दिसतो, करून बघा कागदावर. त्याच दिवशी बेड शोधला, ऑक्सिजन लागला, मामा बरे होऊन आले. भाचा इंजिनियर आहे, हे मुद्दाम सांगतोय.

दुसरा गोंधळ म्हणजे नाडीचा आकडा ऑक्सिजन म्हणून सांगणं. ‘एसपीओटू’ लिहिलंय तोच आपला आकडा, दुसरा ठोक्यांचा. माझी सवय सांगतो: पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं, बोट गार असेल तर चोळून गरम करायचं, नेलपेंट किंवा मेंदी नसलेलं बोट घ्यायचं, हात छातीशी टेकवायचा, आणि आकडा नाचायचा थांबेपर्यंत थांबायचं. लोकांना हे शेवटचंच जमत नाही, लावला की लगेच ओरडतात ‘नव्वद, नव्वद’ आणि अख्खं घर घाबरवून सोडतात. वेळ आणि आकडा वहीत लिहा, मोबाईलमध्ये नको, कारण डॉक्टरांना फोन लावल्यावर तो मोबाईल कानाला असतो. बसून ९५ च्या वर असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून परत बघा, तीन किंवा जास्तने उतरला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना कळवा. बसल्याबसल्याच ९४ च्या खाली असेल तर चालवत बसू नका, सरळ दवाखाना. आणि माणूस धापा टाकतोय आणि मशीन ९८ म्हणतंय, तर माणसावर विश्वास ठेवा.

आता स्टेरॉईड. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन फिरतं आणि ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक तेच मेडिकलवाल्याकडून घेऊन येतात, का तर शेजारच्यांना लगेच फरक पडला. अहो, त्यांना ऑक्सिजन लावला होता! २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना दिसला होता, ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना नाही. वर शुगर चढते ती वेगळीच, आणि दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) कितीतरी डायबेटिसवाल्यांचे हाल केले ते विसरलात का? मला या शॉर्टकटवाल्यांचा खरंच राग येतो, डॉक्टरांना एक फोन करायचा कंटाळा आणि गोळ्या मात्र मूठभर.

पॅरासिटामॉलचंही तसंच, क्रोसिन वेगळी, डोलो वेगळी आणि सर्दीची गोळी तिसरीच असं समजून तिन्ही देतात, पण पहिल्या दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही. पॅकेटच्या मागे घटक वाचा, तेच औषध दोनदा जात असेल तर एक बंद.

वाफ घेतल्याने विषाणू मरत नाही. नाक मोकळं होतं एवढंच, घ्यायची तर घ्या, पण उकळतं पातेलं मांडीवर आणि पोरगं चादरीत असला प्रकार करू नका, भाजतं.

काढा दिवसातून पाच वेळा देऊन वर ‘पोटात आग होतेय’ म्हणून डॉक्टरांना विचारू नका.

पेशंटच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, वारा लागेल म्हणून बंद करणाऱ्या आज्या प्रत्येक घरात असतात, त्यांना पेशंटच्या अंगावर शाल घालायला सांगा. ताट दाराशी ठेवायचं. मास्क नाकावर, गळ्यात नाही. सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवायला जाऊ नका.

आणि कपाटात पडलेल्या ऑक्सिमीटरमधले सेल आजच काढून ठेवा, नाहीतर ते आतच फुटून मशीन वाया जातं आणि कळतं नेमकं रात्री दोन वाजता.