एअर रायफलची पीप साइट: या चुका टाळा

ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या छर्‍यांचा पुंजका, डावीकडे गेला की नवीन मुलाचा हात आपोआप रिअर साइटच्या, म्हणजे बारीक छिद्रातून बघायच्या मागच्या पीप साइटच्या, नॉबकडे जातो. दोन क्लिक (नॉबचे टप्पे) फिरवले, पुढचा छर्रा उजवीकडे. पुन्हा एक क्लिक मागे. तासाभरानं साइट मूळ जागेपासून कुठे गेली हे त्यालाही माहीत नसतं आणि कोचलाही. रेंजवर छर्रे सगळ्यात जास्त वाया जातात ते या सवयीमुळे, आणि ती मोडल्याशिवाय महागडी साइट घेऊन काहीही उपयोग नाही.

आधी आकडे बघा. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. लक्ष्यावरच्या एका गुणाच्या रिंगची रुंदी २.५ मिमी, म्हणजे दशांश गुणमोजणीत ०.१ गुणाची किंमत पाव मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ८० सेंमी अंतर धरलं आणि मागची साइट ०.१ मिमी हलली, तर लक्ष्यावर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो. अर्धी रिंग गेली! कागदाच्या जाडीएवढा सैलपणा एवढं नुकसान करतो. म्हणून क्लिक फिरवण्याआधी साइट बोटांनी धरून हलकेच हलवून बघा. रायफलच्या ज्या खाचेवर साइट बसते तिथले स्क्रू ढिले असतील तर आधी ते बसवा, तेही आळीपाळीनं थोडे थोडे पिळून. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला तर साइट तिरकी बसते. आणि साइटला हात लावायच्या आधी चेंबर रिकामं आहे ना ते बघून सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घालायचा, यात सवलत नाही.

आधी ग्रुप, मग क्लिक

एका छर्‍यावरून साइट कधीच बदलू नये. किमान पाच छर्रे मारा आणि प्रत्येक वेळी, ट्रिगर सुटला त्या क्षणी लक्ष्याचं काळं वर्तुळ पुढच्या साइटच्या रिंगमध्ये नेमकं कुठे दिसलं ते मॉनिटर बघायच्या आधी सांगा. तुम्ही ‘उजवीकडे’ म्हणालात आणि छर्राही उजवीकडे गेला, तर साइट बरोबर आहे, चूक नेमातली आहे. नेम स्वच्छ होता, ग्रुप घट्ट आहे आणि तरी तो सगळा एकाच बाजूला पडतोय, तेव्हाच क्लिक. ग्रुपच पसरलेला असेल तर साइट फिरवून तो लहान होणार नाही. तिथे गालाची टेक, श्वास, छर्‍यांचा लॉट हे तपासायचं.

नॉब कुठल्या दिशेला फिरवायचा, यातही गोंधळ होतो. जर्मन बनावटीच्या साइटवर एच आणि टी ही अक्षरं दिसतात, म्हणजे अनुक्रमे वर आणि खाली. बऱ्याच साइटवर त्याचा अर्थ ‘छर्रा वर लागत असेल तर या बाजूला फिरवा’ असा असतो. नवखा माणूस ‘वर न्यायचा असेल तर इकडे’ असं समजतो आणि चूक दुप्पट होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खुणा वेगळ्या. दहा क्लिक एका बाजूला फिरवून पाच छर्रे मारले की दिशा कळते आणि एका क्लिकला छर्रा किती सरकतो तेही कळतं. हे आकडे डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जुनी साइट विकत घेताना चौकोनाची चाचणी घ्याच. मध्यावर एक ग्रुप मारा. मग वीस क्लिक वर, ग्रुप, वीस उजवीकडे, ग्रुप, वीस खाली, ग्रुप, वीस डावीकडे. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडला पाहिजे. पडला नाही तर आतल्या स्क्रूच्या आट्यांत ढिलाई आहे. थोडी ढिलाई असलेली साइटही वापरता येते: नेहमी दोन-तीन क्लिक पुढे जाऊन परत यायचं, म्हणजे शेवटचा क्लिक प्रत्येक वेळी एकाच दिशेनं पडतो. विकत घेण्यासारखी मात्र ती नाही.

पुढची रिंग लहान घेण्याचा हट्ट

फ्रंट साइटमधली रिंग जितकी लहान तितका नेम अचूक, हा समज मुलांपेक्षा पालकांत जास्त आढळतो. होतं उलटंच. काळ्याभोवती पांढरी पट्टी बारीक राहिली की डोळा ती सतत मोजत बसतो, ट्रिगर दाबायला उशीर होतो आणि हात थरथरायला लागतो. पांढरी पट्टी मोकळी, सहज दिसणारी हवी.

इथेही हिशेब मांडता येतो. एअर रायफलच्या लक्ष्यावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं. डोळ्यापासून फ्रंट साइट साधारण ९० सेंमीवर असेल तर तिथे ते वर्तुळ पावणेतीन मिलिमीटरचं दिसतं. भोवती पुरेसं पांढरं ठेवायचं तर सुरुवात ४ मिमीच्या आसपासच्या रिंगनं करावी, नवख्यानं तर थोड्या मोठ्याच. स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये (तीन पवित्र्यांत मारायच्या प्रकारात) कांस्यपदक जिंकलं, तिथलं काळं वर्तुळ ११२.४ मिमीचं असतं. पण अंतर पाचपट असल्यानं ते डोळ्याला एअर रायफलच्या काळ्यापेक्षा लहान दिसतं, तेवढ्याच अंतरावरच्या साइटमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणून ५० मीटरला पॉइंट टू-टू रायफल मारणाऱ्या सीनियरनं सांगितलेला रिंगचा नंबर एअर रायफलला जसाच्या तसा लावू नका.

मागवताना टनेलचा, म्हणजे रिंग जिच्यात बसते त्या पुढच्या नळीचा, आकारही बघा. एम १८ आणि एम २२ असे दोन आकार सर्रास मिळतात. एकाची रिंग दुसऱ्यात बसत नाही.

डोळा, डोकं आणि चष्मा

पीप साइटमधून बघताना मागच्या छिद्राचं वर्तुळ, टनेल, रिंग आणि काळं ही चारही एकात एक मधोमध बसली पाहिजेत. मागच्या छिद्रात एका कडेला सावली दिसत असेल तर डोकं चुकीच्या जागी आहे. अशा वेळी मुलं मान वाकडी करून डोळा साइटपर्यंत नेतात आणि चाळिसाव्या शॉटपर्यंत मान दुखायला लागते. मान सरळ ठेवून चीकपीस (गाल टेकायचा भाग) वर-खाली करा, साइट पुढे-मागे सरकवा. डोळा छिद्रापासून पाच-सहा सेंमीवर असला की बहुतेकांना जमतं. सकाळी जे अंतर असेल तेच संध्याकाळी हवं, म्हणून खाचेवर पेन्सिलीची खूण करा. ‘कालपर्यंत दहा लागत होते, आज सगळे वर जातायत’ या तक्रारीत मी साइटपेक्षा आधी गाल बघतो.

नजर रिंगवर ठेवायची, काळ्यावर नाही. काळं किंचित धूसर दिसलं तर बिघडत नाही. चष्मा असलेल्यांनी प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेतून नेम धरू नये. डोकं जरा हललं की नंबर बदलतो. लांबच्या नंबरात साधारण +०.५० मिळवलेली, एकाच नंबरची काच रायफलला सोयीची पडते, विशेषतः चाळिशीनंतर. डोळे तपासायला जाताना फ्रंट साइटचं अंतर मोजून न्या आणि डॉक्टरांना सांगा.

मागचं आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र) १.० ते १.२ मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करा. फार बारीक केलं तर चित्र अंधारतं आणि कडा उलट फुटतात. फार मोठं केलं तर रिंग आणि काळं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. रंगीत फिल्टर पहिल्या वर्षी घेऊच नका. बऱ्याचदा खरी अडचण रेंजवरच्या मंद ट्यूबलाइटची असते. लक्ष्यावर उजेड नीट पडला की अर्ध्या तक्रारी संपतात.

दुसरा डोळा मिटू नका. त्याच्यासमोर पट्टी लावा, समोरून ती ३० मिमीपेक्षा रुंद नको, नाहीतर इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीत) काढायला लावतील.

स्प्रिंगची रायफल आणि दुर्बीण

ऑलिम्पिक प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालत नाही, पण हौसेनं अंगणात मारणारे ती लावतात. स्प्रिंग-पिस्टनची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. साधी दुर्बीण त्यात आतून निखळते. एअरगनसाठीच बनवलेली घ्या, शिवाय १० मीटरपर्यंत फोकस येणारी, कारण १०० यार्डांवर बसवलेल्या दुर्बिणीत जवळचं लक्ष्य धूसर दिसतं आणि डोळा हलला की क्रॉसही लक्ष्यावर सरकतो.

पावसाळ्यातली निगा

कोकणात, मुंबईत आणि घाटाखाली जून ते सप्टेंबर हा साइटचा खरा वैरी. फोमच्या बंद पेटीत ओलसर रायफल ठेवली की फोम पाणी धरतो. आठवड्याभरात स्क्रूंवर तांबूस डाग येतात आणि स्पॉटिंग स्कोपच्या (लक्ष्य बघायच्या दुर्बिणीच्या) काचेवर बुरशीचं जाळं धरतं. सराव संपला की सगळं पुसून अर्धा तास पंख्याखाली उघडं ठेवा, मगच पेटीत. सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदला किंवा वाळवा.

आयरिसच्या पात्यांत तेल घालू नका. तेलावर धूळ बसते, पाती चिकटतात. हातपंपाच्या ब्लोअरनं फुंकलं की पुरे. कापसाची काडी आत घालू नका, तंतू अडकतात. काच असेल तर आधी ब्लोअर, मग लेन्सचा ब्रश, मग लेन्सच्या द्रवात ओला केलेला मऊ कपडा. टी-शर्टनं पुसणं म्हणजे धुळीच्या कणांनी काच घासणं. तेल फक्त बाहेरच्या स्टीलवर, तेही कपड्याला लावून.

पिस्तूलवाल्यांसाठी एक जुना, आजही उपयोगी उपाय: फ्रंट साइटची कड घासून चमकायला लागली की बाजूच्या उजेडात ती सरकल्यासारखी दिसते आणि नेम हटतो. साइट काढून कापराच्या धुरावर धरली की मॅट काजळी चढते. पिस्तुलापासून आणि हवेच्या सिलिंडरपासून लांब, हे मात्र काटेकोर पाळा.

एवढं करूनही ग्रुप आपोआप सरकत असेल, तर जोडीदाराच्या रायफलवर तुमची साइट लावून त्याला वीस छर्रे मारू द्या आणि त्याची साइट तुमच्या रायफलवर लावा. सरकणं साइटबरोबर गेलं तर साइट विक्रेत्यामार्फत कंपनीकडे पाठवा, घरी उघडू नका. आतल्या बारीक स्प्रिंग आणि बारीक गोळ्या एकदा उडाल्या की परत बसत नाहीत. सरकणं तुमच्या रायफलीतच राहिलं तर बॅरलचे स्क्रू, स्टॉकचा बोल्ट आणि सिलिंडरचा दाब, या क्रमानं तपासा.