नोकरी सांभाळून चेस खेळायचंय? मग रेशेव्हस्कीचं करिअर असं अभ्यासा

ऑफिस सांभाळून चेस खेळणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात, फिशर बघ, कार्लसन बघ. ते बघून चार दिवस हुरूप येतो आणि पाचव्या दिवशी मंथ एंड येतो की पट परत कपाटावर जातो. फिशरने सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती, त्याचं सगळं आयुष्यच चेस होतं, आपलं तसं नाही. आपल्याला अभ्यासाला असा माणूस हवा जो पोटापाण्यासाठी हिशेब तपासत होता आणि मधेच सुट्टी काढून जगातल्या भारी लोकांसमोर बसत होता. असा एक ग्रँडमास्टर खरंच होऊन गेला, सॅम्युएल रेशेव्हस्की, अमेरिकेचा, पेशाने अकाउंटंट. मुंबईत त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून त्याचं करिअर कसं अभ्यासायचं ते नीट लिहितोय.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म १९११, पोलंडमधलं ओझोर्कुफ नावाचं गाव. आठ वर्षांचा असताना हा एकाच वेळी कितीतरी मोठ्या माणसांशी खेळायचा आणि बहुतेकांना हरवायचा. १९२० मध्ये घरचे त्याला घेऊन अमेरिकेत गेले आणि गावोगावी त्याचे खेळ लावले. शाळेचा पत्ता नाही. शेवटी न्यूयॉर्कमध्ये आईवडिलांना कोर्टात उभं राहावं लागलं, मुलाची नीट काळजी घेत नाहीत म्हणून. मग शिकागोचे एक उद्योगपती, ज्युलियस रोझेनवाल्ड, यांनी मदतीचा हात दिला पण अट घातली की पोरगा शिक्षण पूर्ण करेल. आणि इथे मजा बघा, १९२४ ते १९३१ या काळात हा मुलगा स्पर्धांपासून जवळजवळ लांबच राहिला, शिकला, १९३४ ला शिकागो विद्यापीठातून अकाउंटिंगची डिग्री घेतली आणि लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मारगेटला माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवून स्पर्धा जिंकली. हल्ली आपल्याकडे आठवीनववीतल्या मुलांची शाळा बंद करून पूर्णवेळ चेस करायचं असा विचार बरेच आईबाबा करतात, त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी ही सात वर्षं जरूर वाचावीत. मुलाचा चेस कुठे पळून गेला नाही.

पुढे तो आठ वेळा अमेरिकेचा चॅम्पियन झाला, पहिल्यांदा १९३६ ला आणि शेवटचं १९६९ ला, म्हणजे साठीला टेकल्यावर. पहिल्या बारा विश्वविजेत्यांपैकी अकरा जणांशी खेळला, फक्त पहिला विश्वविजेता स्टाइनिट्झ राहिला कारण तो याच्या जन्माआधीच गेला होता, आणि त्या अकरातल्या सात जणांना हरवलं. हे सगळं नोकरी करून.

आता अभ्यास कसा करायचा. डाव मिळवणं सोपं आहे, लिचेस या चेसच्या वेबसाइटवर फुकटात अकाउंट उघडा, नेटवर रेशेव्हस्कीच्या डावांची पीजीएन फाइल (चाली लिहिलेली फाइल) सहज मिळते, ती उतरवून घ्या आणि लिचेसच्या स्टडीत निवडक डाव टाका. सगळे टाकू नका. शेकडो डाव एकदम समोर आले की माणूस नुसता स्क्रोल करत बसतो. सुरुवातीला पाचसहा पुरे. आणि इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर, बंद करा, अगदी आजच सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, कारण ते आकडे दिसायला लागले की आपण विचार करायचं थांबतो.

लहानपणापासून क्रमाने जायचा मोह होतो पण तसं करू नका. सुरुवात करा १९५३ च्या झुरिच कॅंडिडेट्सपासून, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान देणारा ठरवायच्या स्पर्धेपासून. त्या स्पर्धेत प्रत्येकाला अठ्ठावीस डाव खेळायचे होते, स्मिस्लोव्ह अठरा गुण घेऊन पहिला आला आणि ब्रॉन्स्टीन, केरेस, रेशेव्हस्की तिघं सोळावर. सोव्हिएत खेळाडूंच्या मागे अख्खं सरकार, कोच, तयारी, आणि हा एकटा अकाउंटंट त्यांच्या बरोबरीला. यातला पेट्रोस्यानविरुद्धचा डाव पहिला घ्या. पांढरा रेशेव्हस्की, सेंटरला दोन दणकट प्यादी, काळा गुदमरलेला. पंचविसाव्या चालीला पेट्रोस्यान आपला हत्ती सरळ ई६ वर आणून ठेवतो, जिथे पांढऱ्याचा उंट त्याला खाऊ शकतो. का, तर काळ्या घोड्याला ई७ वरून डी५ वर जाऊन बसायचंय, तिथे तो बसला की पांढऱ्याची प्यादी जागच्या जागी थिजली. या जागी थांबा. पट फिरवा, दोन्ही बाजूंनी बघा. बरेच लोक हा डाव पेट्रोस्यानची कमाल म्हणून दाखवतात, ती आहेच, पण मला त्यात रेशेव्हस्कीचं कौतुक जास्त वाटतं, कारण हत्तीचा फायदा मिळाल्यावर पुढे काही होत नाही हे त्याला लगेच कळतं आणि तिसाव्या चालीला तो स्वतःचा हत्ती उंटावर देऊन फायदा परत करतो, आणि डाव बरोबरीत सुटतो. मिळालेलं धरून न बसता योग्य वेळी सोडायचं, हे आपल्यासारख्या रेटिंगच्या खेळाडूला सगळ्यात जड जातं.

चाल ओळखायची पद्धत अशी. पुढच्या चाली झाका, रेशेव्हस्कीची प्रत्येक चाल आधी स्वतः ठरवा, वहीत लिहा, मग उघडून बघा. तुमची आणि त्याची जुळली नाही तर तुमची चाल का नको होती ते एका वाक्यात लिहा. वाक्य मराठीतच लिहा आणि साध्या भाषेत, उदाहरणार्थ ‘उंट बदलला तर सी५ चं घर उघडं पडतं’ असं. हे खऱ्या पटावर करायचं, मोबाइलवर नाही. एका बैठकीत अख्खा डाव संपला पाहिजे असं काही नाही, वीस चाली झाल्या आणि डोळे मिटायला लागले तर झोपा.

लोकलचा वेळ वेगळ्या कामाला ठेवा. बोरिवलीहून चर्चगेटची स्लो पकडली आणि नशिबाने चौथी सीट मिळाली तरी मांडीवर पट काही मावत नाही. तिथे फक्त काल बघितलेल्या डावाच्या पहिल्या दहाबारा चाली मनात खेळायच्या, डोळे मिटून, अडकलात की फोनवर एकच चाल बघायची आणि परत मिटायचे. गर्दीत उभं राहूनही हे जमतं. आणि जाता-येता ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळायची सवय असेल तर ती मोडा, एवढं कळकळीने सांगतो, कारण नेटवर्क जातं, डाव हरता, चिडचिड घेऊन ऑफिसात शिरता आणि शिकायला मिळतं शून्य.

ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं काय, हा प्रश्न येणारच. इथे रेशेव्हस्की आपल्या फार कामाचा आहे, कारण त्याची ओपनिंगची तयारी त्याच्या दर्जाच्या मानाने कमी असायची, पाठांतर करायला वेळच नव्हता. तो बहुतेक करून डी४ ने सुरू करायचा आणि ठराविक ढंगाच्या पोझिशन वर्षानुवर्षं खेळायचा. तुम्हीही तसंच करा. क्वीन्स गँबिट या डी४ च्या ओपनिंगमध्ये सी आणि डी फाइलवरची (उभ्या रांगेतली) प्यादी बदलून होणारी रचना घ्या, कापाब्लांकाविरुद्धचा मारगेटचा डाव त्याच जातीचा आहे, पांढरा वजिराच्या बाजूला प्यादी पुढे ढकलून काळ्याच्या प्याद्यांत कमकुवत जागा तयार करतो. एक रचना नीट समजली की महिनोन्महिने पुरते.

पण तयारी नसण्याची किंमतही त्याने मोजली, तीही बघा. १९५८-५९ च्या अमेरिकन चॅम्पियनशिपमध्ये पंधरा वर्षांच्या फिशरविरुद्ध सिसिलियन नावाच्या ओपनिंगमध्ये त्याने आठव्या चालीला घोडा ए५ वर टाकला, आणि दहाव्या चालीला फिशरचा उंट एफ७ वर पडला, राजाने तो खाल्ला, मग घोडा ई६ वर आणि वजीर गेला. एवढा मोठा माणूस, दहाबारा चालींत खल्लास. म्हणून माझं म्हणणं असं की ओपनिंग कमी खेळा पण जे खेळता त्यातले असले सापळे तरी माहीत हवेत, नाहीतर रविवारची सकाळ एंट्री फी भरून वाया जाते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र घड्याळावर द्या. तेव्हा सहसा चाळीस चालींना अडीच तास मिळायचे, म्हणजे चालीमागे सरासरी पावणेचार मिनिटं. रेशेव्हस्की सुरुवातीच्या पंधरावीस चालींवरच इतका विचार करायचा की उरलेल्या चाली धावतपळत खेळाव्या लागायच्या, आणि तरी त्यात तो जबरदस्त खेळायचा म्हणून त्याची ख्याती. आपण तसे नाही. आपली वेळ संपत आली की आपण प्यादी वाटतो. म्हणून स्पर्धेत स्कोअरशीटवर प्रत्येक चालीशेजारी घड्याळात किती मिनिटं उरली ते लिहा, नियमात हे चालतं, कोणी अडवत नाही. आजच्या नव्वद मिनिटं अधिक दर चालीला तीस सेकंदांच्या डावात पंधराव्या चालीला तुमच्याकडे साधारण साठसत्तर मिनिटं असावीत असा माझा हिशेब आहे, पंचेचाळीसच्या खाली गेलात तर पुढच्या दोनतीन चाली सरळ, सुरक्षित खेळून वेळ वाचवा. (ही चालीमागे वाढणाऱ्या सेकंदांची घड्याळं फिशरच्या पेटंटमुळे आली, रेशेव्हस्कीला भर उमेदीत ती मिळाली असती तर काय झालं असतं असं मला नेहमी वाटतं.)

जिंकलेला डाव हातातून कसा जातो हे शिकायला १९६३-६४ चा लॅरी इव्हान्सविरुद्धचा डाव बघा. रेशेव्हस्की काळा आणि पूर्ण जिंकलेला, अठ्ठेचाळिसाव्या चालीला त्याने वजिराने जी३ वरचं प्यादं उचललं, आणि इव्हान्सने वजीर जी८ वर टाकून दिला, राजाला तो खावाच लागला, मग हत्ती जी७ वर शह देत बसला, त्याला खाल्लं तर स्टेलमेट (शह नाही पण चालही उरली नाही, म्हणून बरोबरी), नाही खाल्लं तर शह संपतच नाहीत. बरोबरी. ही पोझिशन मित्रासमोर मांडा आणि काळ्याची बाजू त्याला द्या, बहुतेक जण तेच प्यादं उचलतात.

वेळापत्रक कसं सांभाळायचं तेही त्याच्याकडून घ्या. तो धर्मनिष्ठ ज्यू होता, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत खेळायचा नाही, कितीही मोठी स्पर्धा असो, आणि आयोजकांना ते आधी माहीत असायचं म्हणून डाव पुढेमागे केले जायचे. १९६१ ची फिशरशी मॅच अकरा डावांनंतर साडेपाच-साडेपाच असताना अर्धवट राहिली तेही एका डावाच्या वेळेवरून झालेल्या वादातून. आपली अडचण वेगळी, पण पद्धत तीच. अकाउंट्समध्ये असाल तर मार्च एंडिंग आणि दर महिन्याच्या वीस तारखेआधीचे जीएसटीचे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करा, त्या शनिवार-रविवारी स्पर्धेचा फॉर्म भरूच नका. गणपतीचे दीड किंवा पाच दिवस घरचे असतील तर तेही. उरलेल्यातून वर्षाला तीनचार स्पर्धा निवडा आणि त्यांच्या तारखा बॉसला आणि घरी दोन्हीकडे आत्ताच सांगून ठेवा. काही स्पर्धांमध्ये आधी कळवलं तर एका फेरीचा अर्ध्या गुणाचा बाय मिळतो, म्हणजे ती फेरी न खेळता अर्धा गुण, माहितीपत्रक नीट वाचा, शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असणाऱ्यांचा यात फार फायदा होतो.

आणि नोकरीमुळे रेशेव्हस्कीचं काही गेलं नाही असंही समजू नका. १९४८ च्या विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत बोटविनिक चौदा गुणांवर पहिला आणि हा केरेसबरोबर साडेदहावर तिसरा, पूर्णवेळ तयारी असती तर चित्र वेगळं असतं असं माझं ठाम मत आहे. पण १९५५ ला मॉस्कोत अमेरिका-सोव्हिएत सांघिक सामन्यात पहिल्या पटावर त्याच बोटविनिकला चार डावांत एकदा हरवून तीन बरोबरीत सोडवले आणि मिनी मॅच खिशात घातली, तेव्हा बोटविनिक जगज्जेता होता. हे चार डाव अभ्यासाच्या अगदी शेवटासाठी ठेवा.

स्पर्धा झाल्यावर स्कोअरशीट फेकू नका. त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, आधी इंजिनशिवाय स्वतःच्या प्रत्येक डावावर तसंच एकेक वाक्य लिहा जसं रेशेव्हस्कीच्या डावांवर लिहीत होतात, मग इंजिन लावा, आणि शेजारी लिहिलेली मिनिटं बघा, जिथे वीस मिनिटं गेली ती चाल खरंच तेवढ्या वेळाची होती का ते तपासा. हे दोनतीन स्पर्धांत केलंत की तुमचा वेळ नेमका कुठे जातो ते दिसायला लागेल, आणि मग पुढचे डाव त्या हिशेबाने निवडा, एंडगेमला उशीर होत असेल तर झुरिचचे एंडगेम, ओपनिंगलाच वेळ जात असेल तर तीच क्वीन्स गँबिटची रचना परत एकदा.