दमयंती आणि नळ : ग्रंथातल्या नावाचे मूळ कसे शोधावे

विदर्भात गावोगावी सप्ताह बसला की ग्रंथांतल्या नावांचे अर्थ हमखास सांगितले जातात. त्यांतले बरेच कानाला गोड लागतात, पण भाषेच्या नियमांत बसत नाहीत. नावाचे मूळ खरोखर शोधायचे असेल, तर ग्रंथ स्वतः त्या नावाचे काय कारण देतो ते आधी वेगळे टिपून ठेवावे. कथेने दिलेले कारण आणि शब्दाची घडण यांचा मेळ बसतोच असे नाही.

दमयंतीच्या बाबतीत तो बसतो. महाभारताच्या वनपर्वातल्या कथेनुसार विदर्भराज भीमाला दमन ऋषींच्या वराने दमयंती ही कन्या आणि दम, दान्त व दमन हे पुत्र झाले. व्याकरणही तेच सांगते. ‘दम्’ धातूच्या प्रयोजक (क्रिया करवण्याचा अर्थ देणाऱ्या) रूपापासून झालेले हे स्त्रीलिंगी धातुसाधित असून त्याचा अर्थ ‘वश करणारी’ असा होतो.

नळाच्या नावाला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण त्यासाठी महाभारताच्या मागे जावे लागते. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ‘नड नैषिध’ नावाचा राजा आहे आणि महाभारतातला नल निषध देशाचा, म्हणजे नैषध आहे. हे नाव एकच मानायचे, तर ‘ड’चा ‘ल’ कसा झाला हे दाखवता आले पाहिजे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे’ आहे, तर पुढच्या संस्कृतात तेच क्रियापद ‘ईडे’ असे येते. म्हणजे दोन स्वरांमधल्या ‘ड’चा त्या पाठात ‘ळ’ होतो. आठव्या मंडलात तळ्यातून वर आलेल्या बोरूंना ‘नळ’ म्हटले आहे, आणि त्याच बोरूचे दुसरे रूप ‘नड’ आहे. संस्कृतात पुढे ‘नल’ रूढ झाले. मराठीत ‘नळ’ असे रूप आहे.

असा बदल नियमाने होतो का, हे पाहण्याची सवय वऱ्हाडीवरून लावून घेता येते. डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’ आणि केळीची ‘केयी’. तोच बदल अनेक शब्दांत दिसला तर तो नियम. एकाच नावासाठी शोधून काढलेला बदल सरळ सोडून द्यावा.

याच्याही मागे जाता येते. प्राचीन अनातोलियातल्या हित्ती भाषेत बोरूला ‘नाता’ म्हणत आणि फारसीत ‘नै’ आहे, त्यामुळे हा शब्द इंडो-युरोपीय कुळातला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. मला ते पटते. पण मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारला जाणारा) ‘ड’ कुठून आला, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय बोरूचे मूळ सापडले म्हणून राजाचे नाव बोरूवरूनच पडले, असेही सिद्ध होत नाही.

म्हणून वहीत प्रत्येक निष्कर्षापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘तर्क’ असा शेरा मारावा आणि मूळ श्लोक भांडारकर संस्थेच्या चिकित्सित (अनेक हस्तलिखिते ताडून तयार केलेल्या) आवृत्तीतून, तळटिपांतल्या पाठभेदांसह उतरवावा. दमयंतीचा धातू पहिल्या रकान्यात बसतो, नड आणि नल एकच असणे दुसऱ्यात, आणि बोरूवरून राजाचे नाव पडणे तिसऱ्यात.